डायटमला रंग चढवताना

नौपाडा, ठाणे
१२ जुलै

प्रिय मंदार,

तुझ्या पोस्टरसाठीचे डायटमचे, म्हणजे काचेसारखं कवच असलेल्या सूक्ष्म शैवालाचे, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने काढलेले फोटो पाहिले. ऐरोलीच्या खाडीतल्या चिखलात असली जाळीदार नक्षी लपलेली असते, हे पोस्टर पाहणाऱ्यांना सांगूनही पटणार नाही.

आता रंगाचं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला रंग कळतच नाही. नमुन्याच्या प्रत्येक बिंदूवरून किती इलेक्ट्रॉन आले, तेवढंच डिटेक्टर मोजतो. म्हणजे फोटोत खरं काय, तर उजेड-अंधार. त्याला धक्का लावायचा नाही, एवढं पथ्य सांभाळ.

तू ‘जेट’ नावाची रंगपट्टी (आकड्यांना ठरलेले रंग देणारी) लावलीस, तिथेच ते मोडलं. त्या पट्टीत पिवळा आणि आकाशी पट्टा मधेच उजळतो, त्यामुळे कवचावर नसलेल्या कडा दिसायला लागतात. आकड्यांनाच रंग द्यायचा असेल तर ‘विरिडिस’ घे; तिचा उजेड एका दिशेनेच वाढत जातो. पण पोस्टरला ते नकोच. तुला डायटम एका रंगात आणि मागची, नमुना चिकटवलेली टेप दुसऱ्या रंगात हवी आहे, आणि ते काम मास्कचं, म्हणजे कुठला पिक्सेल डायटमचा आणि कुठला टेपचा हे सांगणाऱ्या नकाशाचं.

आधी फाइल नीट उघड. ओपनसीव्ही या पायथन लायब्ररीने काही न सांगता टिफ फाइल उघडली तर चित्र ८ बिटांवर (२५६ छटांवर) येतं, म्हणून ‘अनचेंज्ड’ सांगायचं किंवा सरळ टिफफाइल ही लायब्ररी वापरायची. १२ बिटांचा डेटा १६ बिटांच्या फाइलमध्ये असेल तर ४०९५ च्या वर आकडाच नसतो, म्हणून चित्र जवळजवळ काळं दिसतं. २५६ ने भागून ८ बिट केलंस तर जेमतेम १६ छटा उरतील. त्याऐवजी ०.५ आणि ९९.५ पर्सेंटाइल (ज्यांच्या खाली तेवढे टक्के पिक्सेल येतात ते आकडे) काढून त्यामधला भाग ० ते १ वर ताण. त्याआधी फोटोच्या खाली मायक्रोस्कोपने छापलेली माहितीची पट्टी काप, नाहीतर तिचा पांढरा-काळा मजकूर पर्सेंटाइल बिघडवतो. पिक्सेलचं माप मात्र कापण्याआधी लिहून ठेव. स्केल बार (मापाची रेघ) शेवटी नव्याने काढायचा आहे.

मास्कसाठी ओत्सूवर, म्हणजे उजेडाची एक मर्यादा आपोआप ठरवून चित्राचे दोन भाग करणाऱ्या पद्धतीवर, फार विसंबू नकोस. या फोटोंत कवचाच्या कडा चमकतात आणि आतला भाग टेपइतकाच करडा असतो, त्यामुळे हाती नुसत्या बांगड्या येतात. त्यातली भोकं भरून घ्यावी लागतात. दोन डायटम चिकटले असले तर वर बाउंड्री शोधायची कटकट. दहा-बारा डायटमसाठी फिजी या चित्रांच्या प्रोग्राममध्ये हाताने बहुभुज काढणंच लवकर होतं, त्यात कमीपणा काही नाही.

मग स्कीइमेज या पायथन लायब्ररीने करड्या चित्राचं आरजीबी आणि त्याचं लॅब कर. लॅबमध्ये एल म्हणजे उजेड, ए आणि बी म्हणजे रंग. एल तसाच ठेवायचा, फक्त ए आणि बी भरायचे. सोनेरी-तपकिरीसाठी ए १२, बी ४० पासून सुरुवात कर. (ॲसिडने धुतलेलं कवच खरं तर काचेसारखं बिनरंगी असतं, सोनेरी रंग जिवंत पेशीचा. पोस्टरवर ‘कृत्रिम रंग’ लिहायला विसरू नकोस.) सगळीकडे तोच ए-बी दिलास तर सावल्या मळकट होतात आणि चमकत्या कडा पिवळ्या पडतात, कारण तिथे तेवढा रंग आरजीबीत मावतच नाही. म्हणून ए आणि बी ला ४ × एल × (१०० − एल) ÷ १०००० ने गुण. काळं काळंच राहतं, पांढरं पांढरं, रंग मधल्या छटांत बसतो. मास्कची कड गाउसियन ब्लरने दीड-दोन पिक्सेल मऊ कर, नाहीतर कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसेल. मऊ मास्कने गुणायचं ते ए-बीलाच, एलला नाही.

झालं की रंगीत चित्र परत लॅबमध्ये नेऊन त्याचा एल मूळ एलशी ताडून बघ. फरक एखाद्या अंकापेक्षा जास्त आला तर रंग भडक झालाय, ए-बी कमी कर. सेव्ह पीएनजीतच, जेपेगचे ८ × ८ चे चौकोन रंगात जास्तच उठून दिसतात.

म्हणूनच मूळ फाइली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नकोस, तिथे त्या दाबल्या जातात. रविवारी पेनड्राइव्ह घेऊन तलावपाळीला ये.

तुझा,
अनिकेत