राईफ एफेंदींसाठी एक पत्र

प्रिय शैला,

तू दिलेली तुर्की लेखक साबाहात्तिन अलींची ‘मॅडोना इन अ फर कोट’ ही कादंबरी परवा रात्री संपवली. तू फोनवर म्हणालीस, तिचा नायक राईफ भित्रा, घरच्यांपायी प्रेम घालवून बसला. मला ते अजिबात पटलं नाही.

वडील गेल्याची तार आली आणि तो बर्लिनहून हावरानला, तुर्कस्तानातल्या आपल्या गावी, परतला. यात त्याचं काय चुकलं? कुठलाही मुलगा जाईलच की. बर्लिनमधल्या त्याच्या प्रेयसीनं, मारिआनंही त्याला अडवलं नाही; बोलावशील तिथे येईन, म्हणाली. गावी बहिणींच्या नवऱ्यांनी ऑलिव्हच्या चांगल्या बागा आधीच घशात घातल्या होत्या, तरी हा तिच्यासाठी घर नीट करायला लागला. मग तिची पत्रं बंद झाली. यानं लगेच मनाशी धरलं की ती आपल्याला विसरली. उठून बर्लिनला गेला का? नाही. इकडे मारिआ बाळंतपणात गेली होती गं! दहा वर्षं हा एका मेलेल्या बाईवर रुसून राहिला. त्याचा घात घरानं नाही केला, संशयानं केला.

पुढे अंकाराला तो जर्मनच्या भाषांतरांवर सगळा गोतावळा पोसतो: बायको, मुली, मेहुणी, तिचा नवरा, दोन मेहुणे. कुणाला त्याची किंमत नाही. आणि तरी साहेब अंगावर ओरडून गेल्यावर तो कागदावर चार रेघा ओढतो, त्यात साहेबाचा सगळा हलकेपणा उतरतो! तो प्रसंग मी तीनदा वाचला. असा डोळा असलेला माणूस आतून मेलेला नसतो.

पण मला खरी कळ आली ती त्याच्या बायकोसाठी. दिवसभर स्वयंपाकघरात राबून पिचलेली. आमची आई सगळ्यांची पानं वाढून झाली की ओट्यापाशी उभ्याउभ्याच दोन घास खायची, तीच डोळ्यांपुढे आली. नवऱ्यानं तिला पगार दिला, छप्पर दिलं. मन मारिआची गोष्ट लिहिलेल्या त्या काळ्या वहीत ठेवलं, आणि मरताना तीही चुलीत टाकायला निघाला. तिला कधी कळलंच नाही, आपण कुणाबरोबर संसार केला ते.

१९४३ साली ही कादंबरी पुस्तकरूपात आली आणि पाचच वर्षांत, १९४८ मध्ये, बल्गेरियाच्या सीमेजवळ अलींचा खून झाला. वय अवघं एक्केचाळीस. फार हळहळ वाटली.

अंकारा स्टेशनचा भाग पुन्हा वाच. मारिआच्या आणि त्याच्या त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीला घेऊन गाडी निघून जाते आणि बाप फलाटावर उभा राहतो. वाचून झालं की फोन कर, कितीही उशीर झाला तरी. मी जागीच असेन.

तुझी,
मंदा