रॅडक्लिफचा बुरूज

मँचेस्टर, रविवार

तीर्थरूप आबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या जमीनदारांच्या जुन्या गढ्या कशा होत्या, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. म्हणून आज बरीकडे जाणाऱ्या ट्रामने रॅडक्लिफला गेले आणि तिथला बुरूज पाहून आले.

१३१४ साली बॅनकबर्नला इंग्रजांचा पराभव झाल्यावर स्कॉटिश फौजा वारंवार दक्षिणेत उतरू लागल्या. १३२२ साली त्यांनी लँकेस्टर आणि प्रेस्टन जाळले. अशा धास्तीच्या काळात उत्तरेतल्या गावोगावच्या मालकांनी आपल्या घरांना लागून जाड भिंतींचे चौकोनी बुरूज उठवले. मात्र त्यांवर चर्या, म्हणजे माथ्यावरचे दातेरी कठडे, बांधायच्या, तर रीतीने राजाचा परवाना घ्यावा लागे. रॅडक्लिफचा जमीनदार जेम्स याला असा परवाना चौथ्या हेन्रीने १४०३ साली दिला. त्यात चुना-दगडाची भिंत, आत एक दिवाणखाना आणि दोन बुरूज बांधण्याची मुभा होती. तोवर लँकेस्टरच्या जाळपोळीला ऐंशी वर्षे उलटली होती, त्यामुळे हा खटाटोप संरक्षणाइतकाच मानमरातबासाठीही झाला असावा, असे मला वाटते.

आज तिथे एकच बुरूज उरला आहे आणि तोही ढासळलेला. खालच्या भिंतींत मोठमोठ्या कमानींच्या चुली आहेत. त्यांतल्या एकीसमोर मी बराच वेळ उभी राहिले. या चुलीवर ज्यांच्यासाठी अन्न शिजे, ती माणसे शेजारच्या दिवाणखान्यात वावरत, जेवत, निवाडे करत. घर म्हणायचे ते खरे तेच. थॉमस व्हिटेकर या पाद्री-इतिहासकाराने तो दिवाणखाना पडण्यापूर्वी पाहिला, मोजला आणि त्याची लांबी ४२ फूट लिहून ठेवली. पण तो ओक लाकडाचा होता आणि एकोणिसाव्या शतकात पाडला गेला. दगड तगला, लाकूड गेले. आबा, मला हळहळ वाटली ती बुरुजापेक्षा त्या घराची, कारण लोक येऊन बुरूज पाहतात आणि हीच गढी होती असे समजून परततात.

व्हिटेकरची मोजमापे मी उतरवून घेतली आहेत. त्यांवरून दिवाणखान्याचा नकाशा काढून पुढच्या पत्रासोबत पाठवते. आईला नमस्कार सांगावा.

तुमची लेक