किलोला काय पडते, ते फळीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलुंडला आमच्या घरचे महिन्याचे वाणसामान गेली बारा-तेरा वर्षे सवलतीच्या दुकानातून येते. छापील किमतीपेक्षा दर कमी आणि माल ताजा. मोजून खर्च करणाऱ्या घराला त्याचा खरोखर आधार आहे, तेव्हा माझी तक्रार त्या दुकानांच्या असण्याबद्दल नाही.

गेल्या महिन्यात चहाचा ९०० ग्रॅमचा पुडा ४७७ रुपयांना घेतला. शेजारी ५०० ग्रॅमचा पुडा २५५ ला होता. मोठा पुडा स्वस्त पडतो हे आईपासून ऐकत आलेले, त्यात वर 'बचत' अशी पाटी. घरी येऊन हिशेब मांडला, तर मोठा पडला किलोला ५३० रुपये आणि लहान ५१०. मग साबणाची पावडर, बिस्किटे, तेल सगळेच ताडून पाहिले. प्रत्येक वेळी तोटाच झाला असे नाही, पण दुकानात उभे राहून हे कळायला काही मार्ग नव्हता.

पूर्वी चहा, डाळी, तेल, बिस्किटे यांचे पुडे ठरावीक वजनांतच विकावे लागत. आवेष्टित, म्हणजे पुडाबंद, वस्तूंच्या २०११ च्या नियमांतली ती अट २०२१ च्या दुरुस्तीने काढली गेली आणि तिच्या जागी पुड्यावर एकक दर, म्हणजे एका ग्रॅमला किंवा किलोला काय पडते ते, छापण्याची सक्ती आली. हेतू चांगलाच आहे. पण किलोच्या आतल्या पुड्यावर हा दर ग्रॅमला लिहितात आणि किलोच्या वरच्या पुड्यावर किलोला. अक्षर मुंगीएवढे. सर्वांत मोठी अडचण म्हणजे तो दर छापील किमतीवरून काढलेला असतो. सवलतीच्या दुकानात छापील किंमत कोण मोजतो? एका पुड्यावर १० टक्के सूट आणि दुसऱ्यावर २५ टक्के असेल, तर छापलेल्या दराचा उपयोग शून्य.

१९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वितरण संघात मी पुष्कळ वर्षे होते. महिन्याची यादी यायची, ती भरून द्यायची, माल आला की शेजारणींनी मिळून वाटून घ्यायचा. दरावर आधी घरात बोलणे व्हायचे, मग खरेदी. आता माझी सून नोकरीवरून परतताना रात्री नऊला दुकानात शिरते, मागे रांग, हाताशी लेक. ती ४७७ ला ९०० ने कधी भागणार?

दुकानदारांना हे जड नाही. फळीवरची दराची चिठ्ठी ते दर आठवड्याला बदलतातच. त्याच चिठ्ठीवर सूट वजा करून येणारा, किलोचा किंवा लिटरचा दर छापावा. पुडा १०० ग्रॅमचा असो वा पाच किलोचा, एकक एकच ठेवावे. वजन-मापांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या वैध मापन शास्त्र विभागाने मोठ्या दुकानांना तरी ही सक्ती करावी, आणि चिठ्ठी मराठीत, साठीच्या बाईला हात लांब न करता वाचता येईल एवढ्या अक्षरात असावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुलुंड (पूर्व), मुंबई