जुन्या शस्त्रक्रियेचा विसर नको

महोदय,

मणक्यातील गाठीची शस्त्रक्रिया होऊन ११ वर्षे उलटल्यावर रामकुंडाच्या पायऱ्या उतरताना माझ्या उजव्या पायातली चप्पल निसटली, आणि ते मला चार पायऱ्या खाली गेल्यावर मुलीने सांगितले तेव्हा कळले. एका दवाखान्यात ‘वयोमानानुसार होते’ एवढेच उत्तर मिळाले. जुन्या शस्त्रक्रियेविषयी कोणी विचारले नाही, आणि खरे तर मीही सांगितले नाही. वस्तुतः एपेंडिमोमासारखी (मेंदूत वा मज्जारज्जूत होणारी एक प्रकारची) गाठ अनेक वर्षांनी पुन्हा वाढू शकते, शिवाय शस्त्रक्रियेच्या व्रणामुळे मज्जारज्जू चिकटून बसल्यास किंवा त्यात द्रवाची पोकळी झाल्यासही बधिरता येते. हा भेद बहुधा गॅडोलिनियम (चित्रात फरक ठळक दिसावा म्हणून देतात ते द्रव्य) टोचून काढलेल्या एमआरआयमध्येच उलगडतो. लघवीवरचा ताबा सुटला वा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गाठ कोणत्या प्रकारची होती हे सांगणारा जुना पॅथॉलॉजी अहवाल मात्र मला अद्याप सापडलेला नाही.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक