करमतंय का, असं विचारलंस म्हणून

ग्योटिंगेन, जर्मनी
रविवार, १ जून २०२५

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "करमतंय का रे तिथं?" मी "हो, मस्त चाललंय" म्हणालो, तेवढ्यात तुझ्याकडे तंबोऱ्याचं गिऱ्हाईक आलं आणि फोन ठेवला. पण तू विचारावंस आणि मी आईला देतो तसलं उत्तर तुला द्यावं, हे तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. आज रविवार. इथं रविवारी दुकानं बंद असतात. रिकाम्या काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या पेटीत टाकायलासुद्धा आज मनाई, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. खिडकी उघडी आहे, खाली अंगणात कुणीतरी सायकलची साखळी पुसतंय, एवढाच काय तो आवाज. तुला नीट लिहायला याहून बरा दिवस मिळायचा नाही.

खरं सांगतो, नोव्हेंबर-डिसेंबरात करमत नव्हतं. खोली ठरली होती ती ऐनवेळी हातची गेली, म्हणून पहिले पाच आठवडे वर्गातल्या एका मुलाकडे जमिनीवर गादी टाकून झोपलो. त्याचं एवढं काही नाही, आपण शिबिरांत कुठंही झोपलोय. त्रास झाला तो अंधाराचा. डिसेंबरात सव्वाचारच्या आसपास सूर्य मावळतो. विद्यापीठातला झाडांवरचा तास संपवून बाहेर यावं तर मिट्ट काळोख, आणि सकाळी आठला निघावं तरी रस्त्यावरचे दिवे जळतच असतात. तेव्हा तुमच्या-आमच्या वेळेत साडेचार तासांचा फरक. मी रोज हिशेब करायचो, आत्ता मिरजेत पावणेनऊ झाले असतील, गल्लीतली दुकानं बंद होत असतील, तू हात धुऊन जेवायला बसला असशील. असला हिशेब माणूस करायला लागला की समजावं, त्याला करमत नाहीये. तुला सांगितलं नाही, कारण सांगून तू काय करणार होतास? उगीच घोर लागला असता.

मग फेब्रुवारीत एक गोष्ट झाली. वरवर पाहता अगदी किरकोळ आहे, पण मी ती बरेच दिवस तुला सांगायची म्हणून जपून ठेवलीय. इथं लोकांना घरातली वस्तू नकोशी झाली की ते ती खोक्यात घालून दाराबाहेर ठेवतात आणि वर चिठ्ठी लावतात, 'त्सू फेरशेंकन'. म्हणजे देऊन टाकायचंय, हवं त्यानं न्यावं. पुस्तकं, कपबश्या, लहान मुलांचे बूट, काहीही असतं. तर एका संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता आणि एका फाटकाशी ठेवलेल्या खोक्यात मला खलबत्ता दिसला. बिडाचा, चांगला जड, आतून तांबूस गंज चढलेला. बत्ता उचलून आत एकदा टेकवला आणि तो आवाज आला बघ! रविवारी सकाळी तुमच्या स्वयंपाकघरातून यायचा तो. मी तो अर्धा तास छातीशी धरून घरी आणला, कारण सायकलच्या टोपलीत ठेवला तर टोपलीच निखळली असती. जाड मीठ घालून घासला, तेल लावून ठेवला, परत घासला. तिसऱ्या दिवशी आत बोट फिरवलं तर बोट स्वच्छ निघालं. त्या तीन दिवसांत मी घड्याळाचा हिशेब केला नाही, हे मला चौथ्या दिवशी लक्षात आलं. हाताला आपलं म्हणून काही काम लागलं होतं.

पाडव्याचं तर तुला सविस्तरच सांगायला हवं. यंदा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला, आणि नेमक्या त्याच रात्री इथली घड्याळं उन्हाळ्यासाठी एक तास पुढं गेली. मध्यरात्रीनंतर दोनचे एकदम तीन होतात. म्हणजे दुकानं बंद आणि वर दिवसातला एक तास कमी. सगळी खरेदी शनिवारीच उरकली. इथं क्वार्क नावाचं एक दुधाचं प्रकरण मिळतं, पांढरं, घट्ट, किंचित आंबट. चाळीस टक्केवाला घ्यायचा, त्यात स्निग्धांश जास्त असतो. एक किलो आणला, धुतलेल्या पंच्यात बांधला आणि कपाटाच्या मुठीला टांगून खाली पातेलं ठेवलं. आम्ही पाच जण एक स्वयंपाकघर वापरतो. रात्री पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण त्या गाठोड्यापुढं थांबून थेंब पडताना बघत होता. सकाळी सोडलं तर चक्का असा उतरला होता की चमचा उभा राहावा. पिठीसाखर, आईनं दिलेलं केशर, आणि खलबत्त्यात कुटलेले वेलदोडे. वेलदोडे आधी कुटायचे आणि मिरची नंतर, हे लक्षात ठेवलं म्हणून बरं.

गुढीला काठी झाडूची. साखरेची गाठी कुठली मिळायला, पण चहात घालायची जाड खडीसाखर इथल्या साध्या दुकानात मिळते, तिला कांडिस म्हणतात, तिचेच खडे दोऱ्यात गुंफले. कडुनिंब नाही. मग अंगणात उगवलेल्या डँडेलियनची कोवळी पानं घेतली, चांगली कडू असतात, आणि ती ओवा, गूळ, चिंच घालून वाटली. फुलांसाठी कुंपणावरच्या फोर्सिथियाची एक डहाळी हवी होती. मार्चअखेर ते झुडूप नुसतं पिवळंधमक होतं, पान एकही नाही, सगळी फुलंच. झुडूप तळमजल्यावरच्या बाईंचं, म्हणून विचारायला गेलो. त्यांनी काय, कशासाठी, कुठल्या देवाला, सगळं विचारून घेतलं आणि कात्री घेऊन स्वतः बाहेर आल्या. मी दाखवलेली डहाळी त्यांना लहान वाटली. त्यांनी हातभर लांब कापून दिली.

दुपारी त्यांना वाटीभर श्रीखंड नेऊन दिलं. एक चमचा खाल्ला आणि विचारलं, हे कशाचं? मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या दुकानातला क्वार्क. त्यांचा विश्वास बसेना. सत्तर वर्षं त्या क्वार्क खातायत, उकडलेल्या बटाट्याबरोबर, मीठ आणि पातीचा कांदा घालून. रात्रभर टांगून ठेवला तर असं काही होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ठेचाही झाला. लसणाच्या जागी रानातला पाला घातला. गावाच्या पूर्वेला टेकडीवर बीच वृक्षांचं जंगल आहे, आमची बरीच प्रात्यक्षिकं तिथंच होतात. बीचला पालवी एप्रिलअखेर फुटते, तोवर ऊन थेट जमिनीवर पडतं, आणि तेवढ्या मुदतीत खाली बेरलाउखचा हिरवा गालिचा पसरतो. अस्वलाचा लसूण म्हण हवं तर. वारा आला की अख्ख्या जंगलाला लसणाचा वास. चुनखडीची जमीन त्याला मानवते आणि इथं खाली चुनखडीच आहे. मात्र जपून खुडावा लागतो, कारण तसलीच दिसणारी दुसरी काही पानं विषारी असतात. वासावर जाऊन चालत नाही. चार पानं खुडली की हातालाच वास लागतो, मग सगळंच लसूण वाटतं. म्हणून देठ बघायचा. बेरलाउखचं प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र देठावर जमिनीतून वर येतं. आणि इथला कायदा मला फार आवडला. रानातली अशी पानंफुलं घरच्यापुरती घ्यायला मुभा आहे, पण किती, तर हातात मावेल एवढी जुडी. राखीव क्षेत्रात तेवढीही नाही. वजनकाटा नको, पावती नको, आपला हात हेच माप. आपल्याकडे देवराईतून काय घ्यायचं आणि काय नाही हे जुनी माणसं जशी न सांगता पाळायची, त्याची मला आठवण झाली.

तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे लाकूड. गेल्या महिन्यात आम्ही हार्त्स डोंगरात गेलो होतो. २०१८ पासूनच्या सलग दुष्काळात तिथले स्प्रूस वाळले आणि सालीखालच्या भुंग्यांनी उरलेले संपवले. डोंगरच्या डोंगर करड्या खांबांसारख्या उभ्या झाडांचे. बघवत नाही रे. आधीच्या पिढ्यांनी लवकर वाढतं म्हणून सगळीकडे हे एकच झाड लावलं, आणि एकाला रोग लागला तसा सगळ्यांना लागला. पण खाली वाकून बघितलं तर त्या मेलेल्या खोडांच्या मध्ये बर्च आणि रोवानची पोरं गुडघ्याएवढी झालेली, कुणी न लावता. आमचे सर दहा मिनिटं काही बोलले नाहीत, आम्हालाही बोलू दिलं नाही. येताना स्प्रूसची एक फळी मागून आणलीय. व्हायोलिनची वरची पाटी याच लाकडाची करतात. रेषा बघ किती सरळ आणि जवळजवळ आहेत. तुम्ही तंबोऱ्याच्या तबलीला, म्हणजे भोपळ्यावरच्या पाटीला, तुनाचं लाकूड वापरता, त्यापेक्षा हे हलकं आहे. डिसेंबरात घेऊन येतो. टकटक करून सांग, तुझ्या कानाला काय वाटतं ते.

बाकी रोजचं म्हणशील तर सायकल, मेन्सातलं, म्हणजे विद्यापीठाच्या खाणावळीतलं जेवण, आणि रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घालून सुटणारे पैसे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट परत मिळतात. कचरापेटीत बाटली कुणी टाकत नाही, पेटीशेजारी उभी करून ठेवतात, ज्याला गरज आहे त्याला कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून. मीही आता तसंच ठेवतो.

आणि हो, ग्रंथालयात एक आपल्याकडचं माणूस भेटलं. फ्रान्त्स कीलहोर्न. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवायचे, पंडितांच्या पायाशी बसून व्याकरण शिकले, आणि १८८२ पासून १९०८ मध्ये जाईपर्यंत इथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी संपादलेलं पतंजलीचं महाभाष्य तीन खंडांत आहे, छापलेलं मुंबईत. याच विद्यापीठानं १८८५ मध्ये रा. गो. भांडारकरांना डॉक्टरेट दिली. माझा विषय झाडं, मला त्यातलं ओळभरही कळणार नाही, पण खंड उघडून त्या जुन्या मुंबईच्या टाइपातल्या देवनागरीवर हात ठेवून थोडा वेळ बसलो. आजूबाजूला सगळी रोमन अक्षरं, आणि मधोमध ती शिरोरेषा.

मे महिन्यात इथं हँडेल या संगीतकाराच्या संगीताचा महोत्सव असतो, १९२० पासून चालत आलाय. तिकिटं मला परवडणारी नाहीत. पण याकोबी चर्चवरून जाताना दार उघडं होतं आणि आत वादक वाद्यं लावत होते. मी मागच्या बाकावर बसलो. खांबांवर तांबड्या, पांढऱ्या, निळसर रंगांचे नागमोडी पट्टे आहेत, बघत बसावेत असे. गाणं सुरू झाल्यावर काही फार कळलं नाही, पण त्या आधीची पंधरा मिनिटं, तारा पिळायच्या, सोडायच्या, पुन्हा कान लावायचे, ती मात्र अगदी ओळखीची. मिरजेच्या दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं व्हायचं तेव्हा आपण मैफलीआधीच जाऊन चिंचेखाली बसायचो, नुसते तंबोरे लागताना ऐकायला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जर्मनमध्येही आपल्यासारखंच तू आणि तुम्ही आहे. अनोळखी आणि वडीलधाऱ्यांना तुम्ही म्हणायचं, आणि तू म्हणायची परवानगी मोठ्या माणसानंच द्यायची, लहानानं आपण होऊन तोंड उघडायचं नाही. हार्त्सहून पाच दिवसांनी परत आलो तेव्हा तळमजल्यावरच्या बाई दारातच भेटल्या. खिडकीत दिवा दिसला नाही म्हणून त्यांनी वरच्या मुलांकडे दोनदा चौकशी केली होती. कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणीही घालून गेल्या होत्या. मी आभार मानायला लागलो तर हात पुढं केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, आता मला तू म्हण. माझी जीभ रेटेना. एवढ्या मोठ्या बाईंना तू कसं म्हणायचं? दोन दिवस मी वाक्यं फिरवून फिरवून बोलत होतो, कर्ताच येऊ देत नव्हतो. मग मंगळवारी जिना चढताना एकदम आठवलं, अरे, आजीला आपण तूच म्हणतो की! काकूंना तुम्ही, मावशीला बघून, पण आजीला कायम तू. तसाच खाली गेलो आणि विचारलं, "तुला दुकानातून काही आणायचंय का?" तिनं बटाटे सांगितले. दोन किलो, पण मेणासारखे शिजणारे, पिठूळ नकोत.

त्या दिवसापासून करमतंय.

ती चर्चच्या गायनमंडळात गाते. तू तंबोरे करतोस हे सांगितल्यापासून तिला तो आवाज ऐकायचाय. मोबाइलवर ऐकवला तर म्हणाली, हा सूर असा उकलत कसा जातो? जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून सुरात आणलेली ती गुंज, काय असते हे मला माझ्या जर्मनमध्ये सांगता येईना. तेव्हा एक काम कर. पुढचा तंबोरा जवारीला घेशील तेव्हा फोन शेजारी ठेव. एकदा जवारी काढण्याआधी चारही तारा छेड, आणि एकदा काढून झाल्यावर, घोडीवर दोरा सरकवत सरकवत. मधलं कानशीचं घासणंही राहू दे, कापू नकोस. दुपारी गल्लीत गाड्या कमी असतात तेव्हा केलंस तर बरं.

काका-काकूंना नमस्कार. डिसेंबरात येताना फळी आणतो, कांदा-लसूण चटणी भरून ठेव.

तुझाच,
मी