ठाण्याच्या काकूंना, देवगडहून

सप्रेम नमस्कार, काकू.

सगळ्यांसमोर लिहितोय, कारण फोनवर आभार मानले की तुम्ही "असू दे रे" म्हणून पावसाची चौकशी सुरू करता.

२०२० साली गुढीपाडवा आणि देशभरच्या टाळेबंदीचा पहिला दिवस एकच होता, २५ मार्च. बागेत फळ धरलेलं, गडी अडकलेले, टेम्पोला पास नाही. एप्रिलात वाशीचं मार्केटही काही दिवस बंद झालं. आंबा चौदा आणे, म्हणजे झाडावर जवळजवळ पूर्ण तयार, झाला की उतरवावाच लागतो. जास्त ठेवला की गळतो, नाहीतर साका धरतो, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो.

तेवढ्यात बहिणीच्या ओळखीतून तुमचा फोन आला. मी आपला सवयीने म्हटलं, पाच डझनांची पेटी पाठवतो. तुम्ही म्हणालात, "अरे, घरात आम्ही दोघं. एवढे एकदम पिकले तर रसाने आंघोळ करू का?"

दोन डझनांचा पुठ्ठ्याचा खोका तिथून सुरू झाला. तुमच्या सोसायटीची विंगवार यादी तुम्ही केलीत, पैसे आगाऊ गूगल पेवर घ्यायला लावलेत. मी भीत भीत भाव सांगितला, तर तुम्हीच विचारलंत, "खोका आणि डिझेल धरलंस का?" नव्हतं धरलं. टेम्पो परत रिकामा येणार, म्हणजे दोन्ही बाजूंचं भाडं आंब्यावरच. म्हणून शेजारच्या सोसायट्या जोडून गाडी भरून दिलीत. खोक्यात चिठ्ठी घालायची कल्पनाही तुमचीच: तोडणीची तारीख, कच्चा असेल तर फ्रिजमध्ये घालू नका, कागदावर पसरून पलंगाखाली ठेवा. आमच्याकडे आढी लावतात, म्हणजे गवताच्या थरांत आंबा पिकत घालतात, हे फ्लॅटमधल्या माणसाला कुठून माहीत असणार!

पूर्वी पेटी वाशीला दलालाकडे गेली की त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हातात येईपर्यंत भाव कळायचा नाही. हमाली, भाडं वजा होऊन उरेल ते आपलं. आंबा कोणी खाल्ला, कसा लागला, याचा पत्ताच नसायचा. तुमच्या सी विंगमधल्या आजोबांनी "देठाशी आंबट लागला" म्हणून कळवलं, तेव्हा मी त्या कलमाची तोडणी लांबवली.

आता दलाल संपला असं लोक उत्साहाने म्हणतात. मला ते पटत नाही. हंगामाआधी फवारणीला उचल तोच देतो, आणि लहानमोठं सगळं फळ घेतो. सोसायटीला अडीचशे ग्रॅमच्या वरचं, डाग नसलेलंच लागतं. उरलेलं वाशीला, बारीक कॅनिंगला. आजही माझा निम्मा माल तिकडेच जातो. पण निम्मा थेट जातो म्हणून दलालाशी बोलताना आवाज जरा मोकळा लागतो, एवढं खरं.

यंदा मोहोर उशिरा आलाय, त्यामुळे अक्षय्य तृतीयेला खोका मिळेलच असं नाही. पहिल्या तोडणीचा तुमचा. त्याचे पैसे दरवर्षीसारखे पाठवलेत, तर मी ते परत पाठवणार.

तुमचा,
आंबेवाला