वाघाआधी वाघाटी सुचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली प्राणी दत्तक योजना तुम्ही आम्हाला बारकाव्यांसह समजावून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण शाळा, सोसायट्या आणि मुलांच्या वाढदिवसाला काही वेगळं करू पाहणारी कुटुंबं याच प्रश्नांवर अडतात. तुमची उत्तरं त्यांच्याही हाती पडायला हवीत.

दत्तक म्हणजे मालकी नव्हे, हे तुम्ही सगळ्यांत आधी सांगितलंत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे बिबट्या काय किंवा वाघाटी हे छोटंसं रानमांजर काय, खाजगी मालकीचे होऊच शकत नाहीत. आपण एका वर्षाचा खर्च उचलतो, प्रमाणपत्र मिळतं, नावाची पाटी लागते. पिंजऱ्यात जाणं, हाताने भरवणं, कुरवाळणं यातलं काहीही नाही. हे मुलांना अर्ज भरण्यापूर्वीच सांगावं, नाहीतर पहिल्याच भेटीत त्यांचा हिरमोड होतो.

मग पैशांचं. गेल्या काही वर्षांत जाहीर झालेले वार्षिक दर असे होते: वाघ ३ लाख १० हजार, बिबट्या १ लाख २० हजार, वाघाटी ५० हजार, नीलगाय ३० हजार, चितळ २० हजार, भेकर १० हजार. दर बदलू शकतात, म्हणून चालू वर्षाचा आकडा कार्यालयातूनच घ्यायचा. चाळीस घरांच्या सोसायटीला बिबट्या घराटी महिना २५० रुपयांत पडतो. पण वर्गणी महिन्याच्या महिन्याला गोळा करू नका, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा. चौथ्या महिन्यापासून गळती लागते आणि उरलेला बोजा दोन-तीन घरांवर येतो. पूर्ण रक्कम जमल्यावरच अर्ज, आणि नूतनीकरणाची वर्गणी मुदतीच्या दोन महिने आधी. करसवलत हवी असेल, तर पैसे घेणाऱ्या संस्थेला देणगीवर करसवलत देणारी (८०जी म्हणून ओळखली जाणारी) मान्यता आहे का आणि देणगीचं प्रमाणपत्र मिळेल का, हे आधी विचारावं. दोन हजारांहून जास्त रोख देणगीला ही सवलत नाही, आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही.

निवड कशी करायची, हे तर आम्ही सर्वस्वी तुमच्याकडून शिकलो. लोक वाघ मागतात, त्यातही बछडा. बछड्याला पालक मिळायला वेळ लागत नाही. मागे राहतो तो म्हातारा बिबट्या, ज्याचा सुळा सापळ्याचे गज चावताना तुटलाय किंवा पाय फासकीत गेलाय. जंगलात बिबट्या साधारण बारा-पंधरा वर्षं जगतो, पिंजऱ्यात वीसपर्यंतही जातो. त्या शेवटच्या वर्षांतच दात झिजतात, मूत्रपिंडं थकतात, रक्ततपासण्या आणि औषधं वाढतात. म्हणून कार्यालयात चार गोष्टी विचाराव्यात: वय किती, आला कुठून, परत का सोडता येत नाही, आणि सध्या पालक आहे का? चौथ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तोच प्राणी घ्यावा.

मांस आणून दिलं तर चालेल का, हा प्रश्न हमखास येतो. मोठ्या बिबट्याला दिवसाला तीन-चार किलो मांस लागतं आणि आठवड्यातून एक दिवस उपवास असतो. पण बाहेरचं मांस कधी कापलं, किती वेळ उन्हात राहिलं, याचा भरवसा नसतो. शिवाय लोक प्रेमाने बोनलेस आणतात. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम ओढतं, आणि वाढत्या पिल्लांचे पाय वाकतात. पैसेच द्यावेत, हे तुमचं म्हणणं त्यामुळे पटलं.

वाघाटीकडे आमचं लक्ष वळवलंत, याचे आभार वेगळे मानायला हवेत. जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी ही एक. पूर्ण वाढलेली वाघाटीही दीड किलोच्या आसपास भरते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ सोडून ती कुठेच नाही. तरी तिच्या नावाने पैसे भरणारे कमी, कारण तिचं नावच फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. बिबट्याच्या निम्म्याहून कमी खर्चात हा प्राणी आपलासा करता येतो.

जुन्नर, शिरूर, निफाडच्या ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडतात आणि ‘बिबट्याचे बछडे’ म्हणून गावभर फोटो फिरतात. ओळख तुम्ही दिलीत ती अशी: बिबट्याचं नवजात पिल्लूही अर्धा किलोच्या घरात असतं, अंगावर दाट ठिपके आणि शेपटीवरही ठिपके. वाघाटीचं पिल्लू मुठीत मावतं, कपाळावरून मागे पट्टे जातात, पाठीवर ठिपक्यांच्या ओळी असतात आणि शेपटीवर ठिपके नसतात. पिल्लू कुणाचंही असो, करायचं तेच. त्या सरीतली तोड थांबवायची, गर्दी हटवायची, वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करायचा. गाईचं दूध पाजायचं नाही, त्याने हगवण लागते आणि एवढासा जीव पाणी कमी होऊन दगावतो. पिल्लं तपासून अंधार पडण्याआधी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली आणि माणसं लांब राहिली, तर आई बहुधा रात्रीच येऊन घेऊन जाते. दुसऱ्या शेतात ठेवलं, तर तिला ती सापडत नाहीत. अशी भेट फसली की एक जनावर जन्मभर पिंजऱ्यात राहतं. दत्तक यादीतली काही नावं अशीच आलेली असतात, हे तुम्ही सांगितलंत. तेव्हापासून दत्तक घेऊ पाहणाऱ्या प्रत्येक गटाला आम्ही १९२६ हा क्रमांकही देतो.

एक विनंती आहे. पालक नसलेल्या प्राण्यांची यादी नव्याने होईल, तेव्हा वयाने मोठे प्राणी वरच्या ओळीत यावेत, एवढं उद्यानाच्या साहेबांच्या कानावर घाला. यादी मिळाली की शाळांपर्यंत आणि सोसायट्यांपर्यंत ती आम्ही पोहोचवू.

तुमचे ऋणी,
मुंबई उपनगरातील निसर्गमित्र